कार्बन फायबरला भोक पाडल्यावर ताकद किती उरते: ६ मिमी भोकाची खेच-चाचणी

पोलादाच्या पट्टीला भोक पाडलं तर मोडतानाचा हिशेब सोपा असतो. भोकाच्या कडेला ताण तिप्पट चढतो, तिथला धातू थोडा वाहतो, ताण शेजारी वाटला जातो आणि शेवटी पट्टी उरलेल्या रुंदीच्या मानाने भार घेऊन मोडते. काच वाहत नाही. तिच्या कडेचा ताण ताकदीला टेकला की तिथून तडा निघतो आणि खेळ संपतो. कार्बन-इपॉक्सी लॅमिनेट (कार्बन फायबरचे थर इपॉक्सी राळेत एकावर एक बसवून केलेला पत्रा) या दोघांच्या मध्ये कुठेतरी मोडतं. ते नेमकं कुठे मोडेल, हे भोकाचा व्यास, थरांची मांडणी आणि एका दिशेच्या थरांचा गठ्ठा किती जाड आहे यावर ठरतं. म्हणून कोणी 'भोकासहित ताकद अमुक मेगापास्कल' (म्हणजे चौरस मिमीला अमुक न्यूटन) एवढाच आकडा पुढे केला, तर आधी विचारावं: भोक किती मिमीचं आणि मांडणी कोणती?

हा आकडा स्वतः काढायची रुळलेली पद्धत एएसटीएम या मानक-संस्थेच्या डी ५७६६ या मानकात आहे: ३६ मिमी रुंद पट्टी, मधोमध ६ मिमीचं भोक, दोन टोकं धरून खेच. दिसायला ही लॅबमधली सर्वांत साधी चाचणी आहे. चुका होतात त्या मशीनवर चढवण्याआधी आणि मोडल्यानंतर.

पॅनेल आणि मांडणी

मांडणी [४५/०/−४५/९०] अशी घ्या (आकडे म्हणजे त्या थरातल्या फायबरचा खेचेच्या दिशेशी अंशांतला कोन), तीनदा रचून मध्यावर आरसा धरल्यासारखी उलटवा. एकूण २४ थर होतात. ०.१२५ मिमीच्या प्रीप्रेगने (आधीच राळ मुरवलेला फायबरचा थर) जाडी ३ मिमी येते. या मांडणीत प्रतलातली कडकपणाची किंमत सगळ्या दिशांना सारखी असते, त्यामुळे भोकाच्या कडेचा ताणगुणक (कडेचा ताण सरासरी ताणाच्या किती पट) धातूसारखाच ३ येतो (रुंद पट्टीसाठी, हे गणित कीर्शने १८९८ मध्ये मांडलं) आणि हिशेब सोपा राहतो. सगळे थर ०° चे घेतले तर हाच गुणक ७ च्या आसपास जातो. सगळे ±४५° चे घेतले तर तो २ च्या आसपास उतरतो. मात्र गुणक ७ असला म्हणून ०° ची पट्टी सातव्या हिश्श्यात मोडत नाही. ती भोकाच्या दोन्ही बाजूंना उभी फुटते, भोक भारातून बाजूला पडतं आणि उरलेल्या दोन पट्ट्या भार घेत राहतात. पहिला धडा हाच. या पदार्थात कडेवरचा ताणगुणक एकट्याने ताकद सांगत नाही.

एकाच दिशेचे थर एकावर एक रचायचा मोह आवरा. ०° चे चार थर एकत्र ठेवले की मांडायला वेळ कमी लागतो, पण गठ्ठा जाड झाला की थर सुटायला ऊर्जाही जास्त मिळते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या ग्रीन, विस्नम आणि हॅलेट यांच्या कामातून (२००७) हे फार स्पष्ट दिसलं. पातळ थर आलटून-पालटून रचलेल्या पट्ट्यांत भोक मोठं होत गेलं तशी ताकद घटत गेली. एका दिशेचे थर गठ्ठ्याने जाड केलेल्या पट्ट्यांत मात्र कल उलटा दिसला आणि मोडण्याची तऱ्हाच बदलून थर सुटण्यावर गेली. पदार्थ तोच, भोक तेच, निकाल वेगळा. पुढे प्रत्यक्ष भागात ज्या गठ्ठ्याने थर बसणार आहेत, त्याच गठ्ठ्याने पॅनेल करा.

पॅनेल ३०० × ४०० मिमीचं करा, ०° ची दिशा ३०० च्या बाजूने. त्यातून २५० मिमी लांबीच्या ३६ मिमी रुंद पाच पट्ट्या भोकासाठी आणि २५ मिमी रुंद पाच पट्ट्या बिनभोकाच्या निघतात. करवतीचा काप आणि कडेची १५ मिमी छाटणी धरूनही हे बसतं. बिनभोकाच्या पट्ट्या याच पॅनेलमधून हव्यात. भोकाची ताकद स्वतः मोजायची आणि बिनभोकाची पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून उचलायची, असं केलं तर गुणोत्तराला काही अर्थ उरत नाही. पत्रकातली किंमत सहसा एकाच दिशेच्या थरांची असते, आणि नुसत्या फायबरची तर अजिबात उपयोगाची नाही. टी७०० फायबरची ताकद ४९०० मेगापास्कल असते, पण वरच्या मांडणीच्या लॅमिनेटमध्ये खेचेच्या दिशेने फक्त चौथा हिस्सा थर असतात आणि त्यातही बरीच राळ.

पावसाळ्यात एक काळजी जास्तीची. प्रीप्रेग −१८ अंशांच्या फ्रीझरमधून काढलं की बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मुंबई-कोकणच्या जुलैतल्या हवेत पिशवी लवकर उघडली तर रोलवर दव धरतं, ते पाणी क्युअरमध्ये (तापवून राळ घट्ट करताना) वाफ होऊन पोकळ्या करतं आणि थरांमधला चिकटपणा खाली येतो. पिशवीच्या बाहेरचं दव पुसल्यावर पुन्हा धरेनासं होईपर्यंत थांबा. मोठ्या रोलला बरेच तास लागतात.

काप आणि भोक

पट्ट्या हिऱ्याच्या चकतीने, पाण्याखाली कापा आणि नंतर वाळवा. ०° ची दिशा पट्टीच्या लांबीशी १ अंशाच्या आत जुळली पाहिजे. पॅनेलच्या छाटलेल्या कडेवर भरवसा ठेवू नका, फायबरच्या धाग्यावरून रेघ ओढा. कार्बनची धूळ वीज वाहून नेते. उघड्या कंट्रोल पॅनेलजवळ किंवा संगणकाच्या पंख्याजवळ कापलं तर शॉर्ट सर्किट आज नाही तर महिन्याने होईल. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम टोकाशी धरा, मास्क आणि चष्मा लावा, आणि हवेच्या नळीने धूळ उडवू नका.

भोक पाडताना थर दोन ठिकाणी सुटतात. बिट आत शिरताना त्याची धार वरचा थर स्क्रूसारखा वर उचलते. बाहेर पडताना शेवटचे एक-दोन थर कापले जाण्याआधीच खाली ढकलले जातात. दुसरा प्रकार जास्त घातक, आणि तो बिटाच्या दाबावर अवलंबून असतो. त्या दाबातला मोठा वाटा बिटाच्या मधल्या बोथट कडेचा असतो, कारण ती कापत नाही, रेटते. म्हणून क्रम असा ठेवा:

१. पट्टी दोन बळीच्या पाट्यांमध्ये (भोक पडलं तरी चालेल अशा; खाली ग्लास-इपॉक्सी किंवा निदान एमडीएफ) घट्ट आवळा. खालची पाटी भोकाच्या अगदी खाली टेकलेली हवी.
२. ३ मिमीच्या कार्बाइड बिटाने वाट करा, म्हणजे पुढच्या बिटाच्या मधल्या कडेला रेटायला काही उरत नाही.
३. ५.५ मिमी कार्बाइड बिट, मिनिटाला ३००० ते ४००० फेरे, एका फेऱ्याला ०.०२ ते ०.०४ मिमी पुढे. ३००० फेऱ्यांना ०.०३ म्हणजे मिनिटाला ९० मिमी. शेवटच्या मिलिमीटरला वेग निम्मा करा.
४. ६ मिमीच्या कार्बाइड रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवून घ्या.

हातातल्या ड्रिलने हे करू नका. साधा हायस्पीड स्टीलचा बिट वापरला तर काही भोकांतच त्याची धार जाते. भोक गोल दिसत राहतं, पण दाब वाढत जातो आणि पाचव्या पट्टीचं भोक पहिल्यासारखं उरत नाही. बिट फार सावकाश पुढे नेणंही चुकीचं आहे. तो जागच्या जागी घासतो, राळ तापून मऊ होते आणि भोकाची भिंत चकचकीत दिसते. त्या चकाकीला चांगलं काम समजू नका.

तपासणीला १० पटीचं भिंग पुरतं. सुटलेल्या भागाचा मोठ्यात मोठा व्यास भागिले ६ हे गुणोत्तर लिहून ठेवा. १.१ म्हणजे कडेला सगळीकडून ०.३ मिमी. ग्लास फायबरमध्ये मागून दिवा धरून सुटलेला भाग दिसतो, कार्बन अपारदर्शक असल्याने इथे ती युक्ती चालत नाही. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि वाळताना बघा. फटीत शिरलेलं अल्कोहोल सगळ्यांत शेवटी वाळतं आणि फट काळ्या रेघेसारखी उमटते. भोक रुंदीच्या मध्यापासून ०.१ मिमीपेक्षा जास्त सरकलेलं असेल तर पट्टी बाजूला ठेवा.

आता एक उलटी गोष्ट. खेचेत थोडं खराब भोक नेहमीच ताकद कमी करत नाही, कधी कधी किंचित वाढवतं. कडेला सुटलेले थर ताणाचं टोक बोथट करतात. याच कारणाने काही हजार वेळा खेचून सोडलेली पट्टी नंतर मोडली तर नव्या पट्टीपेक्षा जास्त भार घेताना आढळते. यावरून 'भोक कसंही पाडलं तरी चालतं' असा निष्कर्ष काढाल तर फसाल. दाबात आणि बोल्टच्या रेट्यात हेच सुटलेले थर आधी बाहेर वाकतात.

मशीनवर

आधी अंदाज काढा, म्हणजे लोड सेल (मशीनचा भार मोजणारा भाग) कमी पडणार नाही. समजा बिनभोकाच्या पट्ट्यांची सरासरी ६०० मेगापास्कल आली. व्हिटनी आणि न्यूइस्मर यांनी १९७४ मध्ये सुचवलेली कल्पना अशी: पट्टी मोडते ती कडेवरचा ताण ताकदीला पोचतो तेव्हा नव्हे, तर कडेपासून ठरावीक अंतर आत असलेल्या बिंदूवर पोचतो तेव्हा. कार्बन-इपॉक्सीसाठी ते अंतर सुरुवातीला १ मिमी धरतात. मग

क = त्रिज्या ÷ (त्रिज्या + १)
उरलेला हिस्सा = २ ÷ (२ + क चा वर्ग + ३ × क चा चतुर्थ घात)

त्रिज्या ३ मिमी, म्हणून क = ०.७५ आणि हिस्सा ०.५७. पट्टी अमर्याद रुंद नाही, व्यासाच्या सहापट आहे, म्हणून १.०३ ने भागा. उत्तर ०.५५, म्हणजे साधारण ३३१ मेगापास्कल. क्षेत्रफळ ३६ × ३ = १०८ चौरस मिमी, भार ३५.७ किलोन्यूटन. ५० किलोन्यूटनच्या यूटीएमवर (खेच-दाबाचं चाचणी-यंत्र) ही पट्टी बसते. १२ मिमी भोकाची, ७२ मिमी रुंद पट्टी त्याच गणिताने ५८ किलोन्यूटनच्या आसपास जाते आणि त्या मशीनवर मोडत नाही.

टोकांना टॅब (ग्रिपपासून वाचवणारे तुकडे) चिकटवायची गरज नाही, कारण पट्टी भोकाशीच मोडणार. प्रत्येक टोक ५० मिमी धरा, ग्रिप आणि पट्टीमध्ये एमरी कापड घाला, नाहीतर ग्रिपचे दात वरच्या ४५° थरात रुततात. वरची ग्रिप आवळा, लोड शून्य करा, मग खालची आवळा. खालची आवळताना भार उसळला तर ग्रिप एका रेषेत नाहीत. वेग मिनिटाला २ मिमी. मोडायला १ ते १० मिनिटं लागली तर ठीक.

मोडण्याच्या बरंच आधी टकटक आवाज येऊ लागतो. त्याला घाबरून मशीन थांबवू नका. आधी ९०° च्या थरांत राळ तडकते, मग भोकाला स्पर्श करून जाणाऱ्या रेषेवर ०° चे थर उभे फुटतात, या तड्यांच्या छेदापाशी थर एकमेकांपासून सुटतात आणि अगदी शेवटी ०° चे फायबर तुटतात. बिंदूचं ते १ मिमी अंतर म्हणजे या सगळ्या पडझडीला दिलेलं एक सोयीचं टोपणनाव आहे. म्हणूनच भोकाऐवजी फट असली, व्यासाएवढीच लांब पण टोकदार असली, तरी ताकद गोल भोकापेक्षा फारशी वेगळी येत नाही. टोक तसंही पडझडीत बोथट होतं.

ही पडझड बघायची असेल तर मोडलेली पट्टी उपयोगाची नाही, शेवटच्या धडाक्यात पुरावा उधळलेला असतो. पाच पट्ट्यांची सरासरी कळल्यावर आणखी दोन घ्या, एक ८० टक्क्यांवर आणि एक ९० टक्क्यांवर थांबवून उतरवा. अल्ट्रासॉनिक सी-स्कॅनमध्ये (ध्वनिलहरींनी काढलेला आतला नकाशा) सुटलेले थर दिसतात, पण उभे तडे नाहीत. त्यांच्यासाठी एक्स-रे आणि रंगद्रव: ६० ग्रॅम झिंक आयोडाइड, १० मिली पाणी, १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि १० मिली फिल्म धुताना वापरतात तो ओलसरकारक. भोकात थेंब सोडून मुरू द्या, मग एक्स-रे काढा. द्रव आत राहतो, म्हणून ती पट्टी पुन्हा ताकदीच्या सरासरीत धरू नका.

आकडा काढताना

मानकात ताकद पूर्ण रुंदीवर काढतात, भोक वजा न करता. महत्तम भार भागिले ३६ × जाडी. उरलेल्या ३० मिमी रुंदीवर काढाल तर उत्तर १.२ पट येतं: ३३१ चं ३९७. दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी हेच तपासा.

जाडीचा दुसरा सापळा. बाहेर कमी राळ गेली म्हणून पट्टी ३.० ऐवजी ३.२ मिमी झाली तर फायबर तेवढेच असतात, भारही जवळपास तेवढाच, पण मेगापास्कल ६ टक्क्यांनी खाली येतात. पॅनेल-पॅनेलची तुलना करायची असेल तर थरांची संख्या गुणिले ठरलेली थराची जाडी वापरा आणि तसं लिहा.

आकडा आला की तो कुठे पडतो ते बघा. पट्टी काचेसारखी वागली असती तर ६०० भागिले ३.०९ (३ × १.०३), म्हणजे १९४ मेगापास्कलला मोडली असती. पोलादासारखी वागली असती तर ६०० × ३० ÷ ३६ = ५००. तुमचा निकाल १९४ च्या खाली किंवा ५०० च्या वर असेल तर पदार्थावर नव्हे, मापांवर शंका घ्या.

मग मोडलेला काठ बघा. मोड भोकातून गेलेली नसेल तर तो निकाल बाद. काठ जवळपास सरळ आणि सगळे थर एकाच रेषेत तुटलेले असतील तर भोकाची पडझड कमी झाली, मोड ठिसूळ. थर वेगवेगळ्या कोनांत, ±४५° च्या जिभा बाहेर ओढलेल्या असतील तर भोवती तडे आणि थर सुटणं भरपूर झालं. पृष्ठभाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडले असतील तर थर सुटण्यानेच मोडली, आणि तिथे बिंदूचं सूत्र लावणं चुकीचं. ते सूत्र फायबर तुटून मोडणाऱ्या पट्टीसाठी आहे.

सरासरीचं विचलन साधारण ५ टक्क्यांच्या वर गेलं तर भोकाचा व्यास, मध्य आणि ०° चा कोन या क्रमाने कारण शोधा. भोकाच्या पट्ट्यांत विखुरलेपण बिनभोकाच्या पट्ट्यांपेक्षा कमीच असायला हवं, कारण मोडण्याची जागा आपणच ठरवून दिलेली असते.

१ मिमी अंतर तसंच वापरत राहू नका. आलेल्या ताकदीवरून उलटं सोडवून स्वतःच्या मांडणीचं अंतर काढा आणि दुसऱ्या व्यासाने पडताळा. रुंदी-व्यास गुणोत्तर ६ च ठेवा: ३ मिमीला १८ मिमी पट्टी, १२ मिमीला ७२ मिमी. १ मिमी धरलं तर अंदाज ३ मिमीसाठी ४२३, ६ मिमीसाठी ३३१ आणि १२ मिमीसाठी २६७ मेगापास्कल. ६ मिमीवर जुळवलेलं अंतर १२ मिमीला बहुधा नेमकं बसत नाही. ते पदार्थाचा स्थिरांक नाही, मांडणीप्रमाणे आणि काही प्रमाणात व्यासाप्रमाणे सरकतं. दोन व्यासांच्या मधल्या भोकासाठी ते चालतं. ६ मिमीच्या चाचणीवरून ५० मिमीच्या खिडकीची ताकद मात्र काढू नये.

भागावर आकडा वापरताना

खेचेची चाचणी झाली म्हणजे अर्धंच काम झालं. दाबात फायबर तुटत नाहीत, भोकाच्या कडेला ते आडवे वाकून दुमडतात, आणि त्यांना सरळ धरून ठेवणारी राळ असते. म्हणून ओल आणि उष्णता दाबातल्या ताकदीवर सरळ घाला घालतात. एएसटीएम डी ६४८४ मध्ये ३०० × ३६ मिमी पट्टी आधाराच्या चौकटीत धरून दाबतात, जाडी ४ मिमीच्या आसपास, भोक तेच. खेचेत वाईटात वाईट निकाल बहुधा थंड-कोरड्या हवेत येतो, दाबात गरम-ओल्या हवेत. लॅबच्या २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेतला आकडा घेऊन उन्हात-पावसात उभ्या राहणाऱ्या भागाचा दाब मोजू नये.

भोकात बोल्ट आवळला तर दाबातली ताकद वाढते, कारण भोक मिटायला जागा उरत नाही. खेचेत मात्र काही मांडण्यांत ती रिकाम्या भोकापेक्षा कमी येते. वॉशरचा दाब उभे तडे आणि थर सुटणं रोखतो, आणि तीच पडझड ताण बोथट करत होती. त्यामुळे जोडासाठी भरलेल्या भोकाची चाचणी वेगळी करा, तिला डी ६७४२ आहे.

जोडाची मापं ठरवताना भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत निदान ३ व्यास आणि रुंदी ५ ते ६ व्यास ठेवा. टोकापर्यंतचं अंतर यापेक्षा कमी ठेवलं तर पट्टी भोकापासून टोकापर्यंत उभी कातरून निघते आणि वरची सगळी मोजमापं निरुपयोगी ठरतात. ०°, ९०° आणि ±४५° या प्रत्येक दिशेला निदान १० टक्के थर असू द्या, ०° चे ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. बोल्ट टायटॅनियमचा घ्या. ॲल्युमिनियमचा रिव्हेट कार्बनला टेकला आणि ओल लागली की तो खात जातो. पांढरी भुकटी रिव्हेटच्या डोक्याभोवती दिसायला लागेपर्यंत आतला भाग बराच गेलेला असतो.

मोडलेल्या पट्ट्या टाकून देऊ नका. दोन्ही अर्ध्या भागांवर क्रमांक घालून, काठ न घासता, प्रत्येकी वेगळ्या पिशवीत ठेवा. अहवालात मांडणी, थराची जाडी, व्यास, रुंदी, भोक कसं पाडलं, बिटाचं कितवं भोक, ताकद कोणत्या रुंदीवर काढली आणि मोड कशी दिसली, एवढं लिहा.